आई माळकरी आणि मेम्ब्रेन डुकराचं: सांगायचं की लपवायचं?

पत्र

नमस्कार डॉक्टर. माझी आई 63 वर्षांची आहे, बार्शीजवळ गावी राहते. आठ महिन्यांपूर्वी तिची खालची उजवी दाढ काढली. आता इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचा कृत्रिम दात, बसवायचं ठरल्यावर डॉक्टरांनी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, काढायला लावला. हाड साडेचार मिलिमीटरच रुंद उरलंय, आधी हाडाची पावडर आणि वरून मेम्ब्रेन, म्हणजे पातळ पडदा, घालून ते वाढवावं लागेल म्हणाले. मेम्ब्रेन कशाचं असतं विचारलं, तर म्हणाले, ‘डुकराच्या कोलॅजनचं, म्हणजे कातडी-हाडातल्या प्रथिनाचं, जगभर हेच वापरतात.’ आई माळकरी आहे, घरात अंडंसुद्धा येत नाही. दादा म्हणतो, तिला काही सांगू नकोस, आत गेल्यावर कुणाला कळतंय. वहिनीच्या माहेरी एकांना त्यांच्याच रक्तातून काढलेलं मेम्ब्रेन घातलं होतं, तसं आईला चालेल का? आणि यानं हाड खरंच येतं की नुसता खर्च? आईला शुगर नाही. बीपीची रोजची आणि हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची, अशा दोनच गोळ्या चालू आहेत. मिसरी लावते, पण आता कमी केलीय.

उत्तर

ताई, दादांचं ऐकू नका. आईंना सांगा.

आई सज्ञान आहेत, शुद्धीत आहेत, स्वतःचं बरंवाईट त्यांना कळतं. अशा माणसाच्या वतीनं घरच्यांनी परस्पर ‘चालेल’ म्हणायची सोय कायद्यातही नाही. समीरा कोहली खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयापुढे हाच मुद्दा होता. रुग्ण भुलीखाली असताना थिएटरबाहेर बसलेल्या तिच्या आईकडून पुढच्या शस्त्रक्रियेला होकार घेतला होता, आणि तातडीची निकड नसताना तो होकार न्यायालयानं मानला नाही. तिथे मुलीसाठी आईनं हो म्हटलं होतं, तुमच्याकडे आईसाठी मुलगा म्हणू पाहतोय. आणि कळणार नाही हा दादांचा भ्रम आहे. वापरलेल्या मेम्ब्रेनचं स्टिकर फाइलला लागतं, बिलावर नाव येतं, आणि घरातली नातवंडं हल्ली औषधाचं नाव दिसलं की मोबाइलवर शोधतात. सहा महिन्यांनी जेवणाच्या पानावर हा विषय निघाला, तर आईंचा राग डुकरावर नसेल, तुम्हा दोघांवर असेल.

दादांना एवढं लपवावंसं वाटतंय, कारण त्यांची समजूत अशी झालीय की डुकराचं मेम्ब्रेन किंवा काहीच नाही. तसं मुळीच नाही. पण कोणतं घ्यायचं हे कळायला ते तिथे नक्की काय काम करतं हे आधी पाहू. तुमच्या ‘हाड खरंच येतं का’ या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

मेम्ब्रेन हाड आणत नाही. ते हिरडीला अडवून धरतं. दाढ काढल्यावर राहिलेल्या जागेत शिरायला दोघं टपलेले असतात, वरून हिरडीच्या पेशी आणि आतून हाडाच्या. हिरडीच्या पेशी भराभर सरकतात, हाडाच्या पेशींना महिने लागतात. जो आधी जागा धरतो, जखम त्याच्या जातीची भरते. टोरांटोचे संशोधक मेल्चर यांनी 1976 मध्ये हा विचार मांडला. 1982 मध्ये स्कँडिनेव्हियातल्या नीमन, लिंधे, कॅरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो माणसाच्या दातावर करून पाहिला, तेव्हा त्यांनी आडोसा म्हणून वापरलं काय, तर प्रयोगशाळेत द्रव गाळायचा मिलिपोर फिल्टर! 1988 मध्ये डालिन यांच्या गटानं उंदरांच्या जबड्याला दोन्ही बाजूंनी आरपार भोकं पाडली, एका बाजूवर पडदा लावला, दुसरी तशीच सोडली. पडद्याच्या बाजूचं भोक सहा आठवड्यांत हाडानं भरलं. उघड्या बाजूला जेमतेम. ते पडदे टेफ्लॉनच्या जातीचे होते, त्यांच्यात जैविक असं काहीच नव्हतं. म्हणजे अडवण्याचं काम डुकराशिवाय होतं, हे तेव्हापासून माहीत आहे.

मग कोलॅजन आलं कशाला? टेफ्लॉनचा पडदा विरघळत नाही, तो काढायला हिरडी पुन्हा उघडावी लागते. शिवाय टाके सुटून तो मध्येच उघडा पडला की त्यावर जंतू बसतात आणि बऱ्याचदा काढूनच टाकावा लागतो. कोलॅजन आपल्या शरीरातली एन्झाइम्स हळूहळू पचवतात, ते रक्ताची गुठळी धरून ठेवतं, आणि थोडं उघडं पडलं तरी हिरडी बहुतेक वेळा त्यावरून भरून येते. डुकराचं आणि गाईगुरांचं कोलॅजन आपल्या कोलॅजनच्या इतकं जवळचं आहे की शुद्ध केल्यावर शरीर त्याला सहसा विरोध करत नाही. जगभर हेच वापरतात हे तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं खोटं नाही. फक्त ते वाक्य तिथे संपायला नको होतं.

हे मेम्ब्रेन हातात घेतलंत तर निराशाच होईल. बोटाच्या दोन पेरांएवढी पांढरी, कोरडी चकती. एक बाजू गुळगुळीत, दुसरी खडबडीत. खडबडीत बाजू हाडाकडे, म्हणजे पेशींना धरायला आधार मिळतो, आणि गुळगुळीत हिरडीकडे. एका नावाजलेल्या विदेशी कंपनीच्या पट्टीवर तर गुळगुळीत बाजूला ‘अप’ अशी अक्षरंच उठवलेली असतात, म्हणजे घाईत उलटसुलट व्हायला नको. डॉक्टर ती जागेच्या मापानं कापतात, पावडरीवर अंथरतात, आणि रक्त लागताच ती ओल्या टिश्यू पेपरसारखी मऊ होऊन हाडाला चिकटते. वरून हिरडी ताण न देता ओढून टाके घालतात. सगळं यश त्या ‘ताण न देता’मध्ये आहे. हिरडी ताणून शिवली की आठवडाभरात टाका फाटतो आणि मग पट्टी कुठल्याही प्राण्याची असली तरी उपयोग नसतो. तेव्हा डॉक्टरांना पट्टीचं नाव विचाराल तेवढ्याच उत्साहानं हेही विचारा, की अशा किती केसेस तुम्ही स्वतः केल्यात.

आता वहिनींच्या माहेरची गोष्ट. त्याला पीआरएफ म्हणतात. फ्रान्सच्या शुक्रून यांनी 2001 मध्ये ही पद्धत आणली. रुग्णाच्याच हातातून रक्त घ्यायचं, नळ्यांत काही न मिसळता लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये दहा-बारा मिनिटं फिरवायचं, मधोमध पिवळसर गोळा तयार होतो, तो दाबून चपटा केला की झालं मेम्ब्रेन. स्वस्त, स्वतःचं, कुणाच्या धर्मात न बसण्याचा प्रश्नच नाही. मला ही पद्धत आवडते. पण पीआरएफ दहा-पंधरा दिवसांत विरघळून जातं, आणि हाडाला अडोशाची गरज त्याहून कितीतरी जास्त असते. दाढ काढल्या काढल्या, चारही भिंती शाबूत असलेल्या खड्ड्यात ते छान काम करतं, कारण तिथे भिंतींनीच निम्मं काम केलेलं असतं. वहिनींच्या माहेरी बहुधा तसंच झालं असणार. आईंची दाढ निघून आठ महिने झालेत. खड्डा भरलाय, पण कडा आत बसलीय. दाढ काढल्यावर वर्षभरात हाडाची रुंदी सरासरी निम्म्यावर येते आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीनच महिन्यांत होते, असं 2003 मधल्या एका डॅनिश अभ्यासात मोजलं गेलंय. साधारण 4 मिमी जाडीचं इम्प्लांट बसवायचं तर दोन्ही अंगांना एक-दीड मिमी हाड हवं, म्हणजे सहा-सात. तुमच्याकडे साडेचार आहे. बाहेरच्या बाजूनं दोन-अडीच मिमी हाड नव्यानं उभं करायचंय, तिथे भिंत नाही. नुसतं पीआरएफ इथे पुरणार नाही. पावडरीत मिसळायला आणि वरून हिरडी लवकर भरायला जरूर वापरा, मुख्य पडदा म्हणून नको.

एक दिलासा मात्र आहे. हाडाची रुंदी वाढवणं हे उंची वाढवण्यापेक्षा बरंच भरवशाचं काम आहे. पट्टी आणि हात दोन्ही चांगले असतील तर चार ते सहा महिन्यांत तिथे इम्प्लांट धरेल असं हाड येतं. त्यामुळे ‘नुसता खर्च’ असं मी म्हणणार नाही.

मग आईंसाठी पर्याय काय? मासळीच्या कोलॅजनची मेम्ब्रेन्स भारतात बनतात आणि आयात मालापेक्षा बरीच स्वस्त पडतात, पण माळकऱ्याला मासळी आणि डुक्कर यात डावंउजवं काय! दुसरं, माणसाचं. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलची टिश्यू बँक 1988 पासून आहे. बाळाभोवतीची पातळ पिशवी, जिला अ‍ॅम्निऑन म्हणतात, ती बाळंतिणीच्या संमतीनं घेऊन, तपासून, वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून तिथून दिली जाते. भाजलेल्या जखमांवर तिचा चांगला उपयोग होतो, हिरड्यांचे डॉक्टरही वापरतात. त्यात कुठलाही जीव मारलेला नाही, त्यामुळे काही माळकरी आणि जैन रुग्ण तिला आनंदानं हो म्हणतात. काहींना मात्र वारेच्या पिशवीचं नाव ऐकूनच शिसारी येते, सोवळ्याओवळ्याचं मन वेगळं चालतं. पण ती फार पातळ असते, तिला स्वतःचा ताठपणा नाही, म्हणून आईंच्या कडेसाठी ती एकटी मला पुरेशी वाटत नाही.

राहिलं कृत्रिम, आणि माझा कौल तिकडेच. पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिडच्या जातीची विरघळणारी मेम्ब्रेन्स मिळतात. हे रसायन साखरेच्या आंबवणीतून बनवतात, विरघळणारे टाकेही याच घराण्यातले. किंवा टेफ्लॉनच्या जातीचं न विरघळणारं, फक्त ते नंतर काढावं लागेल आणि टाक्यांची जास्त काळजी घ्यावी लागेल. कोलॅजनइतकी ती हाताळायला सोपी नाहीत, डॉक्टर थोडे कुरकुरतील. कुरकुरू द्या. मात्र कुणी ‘व्हेज कोलॅजन’ म्हणून काही पुढे केलं तर सावध राहा, झाडात कोलॅजन नसतं. अपवाद एकच, आणि तो मजेशीर आहे. इस्रायलमधल्या एका कंपनीनं तंबाखूच्या झाडात माणसाच्या कोलॅजनची जनुकं घालून ते पिकवून दाखवलंय. पण आईंच्या डॉक्टरांच्या कपाटात ते असण्याची शक्यता नाही.

आणि पावडर? तुम्ही सगळे मेम्ब्रेनवर अडून बसलात, पण हाडाची पावडर कशाची आहे हे कुणी विचारलंच नाही. जगात सर्वात जास्त वापरली जाणारी पावडर गाईबैलांच्या हाडाची असते. भाजून, सगळं सेंद्रिय काढून टाकून उरलेला खनिज सांगाडा. डुकराची पट्टी नको म्हणून वाद घालायचा आणि खाली गाईचं हाड भरायचं, असं व्हायला नको. पूर्ण कृत्रिम पावडर, म्हणजे हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, सर्रास मिळते. आईंच्याच जबड्याच्या मागच्या भागातून थोडं हाड खरवडून त्यात मिसळलं तर आणखी उत्तम. टाकेही विचारून घ्या. कॅटगट जनावराच्या आतड्याचं असतं, नायलॉन किंवा व्हायक्रिल कृत्रिम. दादा इथे म्हणतील, आईनं आजवर गिळलेल्या कॅप्सूलींची टोपणंसुद्धा जिलेटिनचीच होती. खरंय. पण आजवर नकळत झालं म्हणून आता कळून सवरून फसवायचं, हा कुठला न्याय?

आता जे तुम्ही पत्राच्या शेवटी उरकून टाकलंत ते. मला मेम्ब्रेनपेक्षा त्याचीच जास्त काळजी आहे.

आठवड्यातून एकदा हाडांसाठी घ्यायची गोळी म्हणजे बहुतेक अ‍ॅलेंड्रोनेट किंवा त्याच कुटुंबातली. हाडांची झीज थांबवायला ही गोळी हाड खाणाऱ्या पेशींना आवर घालते. ठिसूळ मणक्यांसाठी हे चांगलंच आहे. पण हाडात जुनं खाल्लं जातं म्हणून नवं घातलं जातं, हे दोन्ही जोडीनं चालतं. एक मंदावलं की दुसरंही मंदावतं. अशा औषधांवर असलेल्या काही रुग्णांच्या जबड्याचं हाड दात काढल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर उघडं पडून मरतं, हे 2003 मध्ये अमेरिकेतले तोंडाचे शल्यविशारद मार्क्स यांनी पहिल्यांदा नोंदवलं. कॅन्सरसाठी शिरेतून मोठे डोस घेणाऱ्यांत हे जास्त, आठवड्याच्या गोळीवर क्वचित. पण गोळी चार वर्षांहून अधिक काळ चालू असेल, जोडीला स्टिरॉइड असेल, तर धोका वाढतो. दाढ काढलेली जागा बरी भरलीय ही जमेची बाजू. तरीही दाताच्या डॉक्टरांना गोळीचं पाकीट नेऊन दाखवा आणि किती वर्षं चालू आहे ते सांगा. मधे कधी वर्षातून एकदा सलाइनमधून किंवा सहा महिन्यांतून एकदा पोटावर इंजेक्शन दिलं असेल, तर तेही. आपल्या मनानं गोळी बंद करू नका. ती थांबवायची की नाही हे लिहून देणारे डॉक्टर आणि दाताचे डॉक्टर, दोघांनी बोलून ठरवायचंय. तुम्ही फक्त दोघांना एकमेकांचे फोन नंबर द्या.

आणि मिसरी. ‘कमी केलीय’ हे मी इतक्या घरांतून ऐकलंय की त्याचा अर्थ मला पाठ आहे. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, बोटानं थेट हिरडीवर चोळलेला. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि पट्टीखालच्या पावडरीला जगवायला त्या वाहिन्यांचंच रक्त लागतं. वर बोट फिरलं की टाके हलतात. पट्टी जागेवरून केसभर सरकली तरी तिच्याखाली हाडाऐवजी नरम मांस धरतं. शस्त्रक्रियेआधी निदान महिनाभर आणि नंतर हाड धरेपर्यंत मिसरी पूर्ण बंद असेल, तरच हा खर्च करा. नसेल तर सरळ थांबा. आईंना धाक घालू नका, मिसरीची सवय तलफेची असते तशी वेळेचीही असते, सकाळी शौचाआधी आणि दुपारच्या कामानंतर. त्या दोन वेळांना तोंडात लवंग किंवा बडीशेप, हातात दुसरं काही काम. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी क्विटलाइन 1800-11-2356 ही मोफत आहे, आईंच्या नावानं तुम्हीच फोन लावून द्या.

तारीख धरताना आषाढी-कार्तिकीचा हिशेब करा. आई वारीला पायी जात असतील तर वारीच्या तोंडावर शस्त्रक्रिया नको. पहिले दोन-तीन दिवस गाल सुजतो, पंधरा दिवस त्या बाजूनं चावायचं नसतं, तिथे ब्रश लावायचा नसतो, नुसती औषधी गुळणी. एकादशी मधे आलीच तर भगर मऊ शिजवून, शेंगदाण्याचा कूट नको, त्याचे कण टाक्यांत अडकतात. गाल ओढून आरशात बघायची हौस आवरायला सांगा. आणि हिरडीतून पांढुरकं काही डोकावलं तर ते ओढू नका, डॉक्टरांना फोटो पाठवा.

आईंशी बोलताना फार भूमिका बांधू नका. माझ्याकडे येणाऱ्या लेकींना मी सांगते तेच सांगते. स्वयंपाकघरात, दादा समोर नसताना: ‘आई, दाढेच्या जागी हाड वाढवायला वर एक पट्टी ठेवतात. डॉक्टरांकडे आहे ती डुकराची आहे. जनावराची नसलेलीपण मिळते, जरा वेगळी असते, मागवावी लागते. खालची पावडरपण तशीच मिळते. तुला काय चालेल?’ एवढंच. मग गप्प बसा. कदाचित त्या म्हणतील, औषधाला काय होतंय, पांडुरंग समजून घेईल. मी असे माळकरी पाहिलेत. कदाचित म्हणतील, मरेपर्यंत नको. दोन्ही उत्तरं त्यांची आहेत, आणि दुसरं आलं तर डॉक्टरांना कृत्रिम साहित्य मागवायला सांगा. नाहीच म्हणाले, तर हिरड्यांच्या दुसऱ्या तज्ज्ञाकडे जा. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे दुसरं मतही मिळेल आणि खर्चही आवाक्यात राहील.

शिवाय तिसरं उत्तर येऊ शकतं: एका दाढेसाठी एवढा खटाटोप नको. तेही वेडगळ नाही. शेजारच्या दोन्ही दाढांवर आधीच कॅप असतील किंवा मोठं सिमेंट भरलेलं असेल, तर ब्रिजमध्ये, म्हणजे शेजारच्या दाढांवर टेकवून बसवलेल्या दातात, आईंचं फारसं नुकसान नाही. हाड वाढवायला नको, पट्टी नको, पावडर नको, दोन-तीन भेटींत काम होतं. त्या दाढा अगदी धडधाकट असतील तर मात्र त्या घासून लहान करायला माझं मन घेणार नाही. आणि वरची दाढ खाली उतरत नसेल, आईंना दुसऱ्या बाजूनं नीट चावता येत असेल, तर ती जागा रिकामी ठेवूनही लोक वर्षानुवर्षं भाकरी खातात. सीबीसीटीची सीडी आणि शेजारच्या दाढांचे एक्स-रे घेऊन डॉक्टरांना हा प्रश्न सरळ विचारा: ब्रिज का नको? त्याचं उत्तर पटलं तरच मेम्ब्रेनच्या गोष्टी पुढे न्या.